शाळेचीच परीक्षा!

दोस्तांनो, शाळा वर्षभर तुमची परीक्षा घेते. घटक चाचणी झाली की सहामाही, सहामाही झाली की वार्षिक. पण तुम्ही कधी शाळेची परीक्षा घेतली आहे का? हसू नका! शाळेची, म्हणजे शाळेच्या इमारतीची. तिच्या भिंतींची, खांबांची, छपराची. ही परीक्षा खरोखर असते बरं का! तिलाही गुण असतात आणि तीत नापास होणाऱ्या शाळाही असतात.

मात्र ती कशी घ्यायची हे समजून घ्यायचं तर आधी एका गावाला जाऊन यावं लागेल. चला, पाण्याची बाटली घ्या आणि लातूरच्या स्टँडवर एसटीत बसा.

गाडी औशाला येते. औशाचा भुईकोट किल्ला तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचला असेल. पुढे लामजना लागतं. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर. डोंगर नाही, दरी नाही, नजर पोहोचेल तिथवर सपाट रान. साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर झाले की कंडक्टर ओरडतो, "किल्लारी पाटी!" मराठवाड्यात रस्त्यावरच्या फाट्याला 'पाटी' म्हणतात. आपण इथेच उतरायचं.

एक गंमत तुमच्या लगेच लक्षात येईल. या गावाचे रस्ते चक्क पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत! मराठवाड्यातल्या जुन्या गावात कशा वाकड्यातिकड्या बोळी असतात, एका घराला दुसरं घर चिकटलेलं असतं, मधूनच पार लागतो. इथे तसं नाही. रुंद रस्ते, ओळीने घरं, दोन घरांत मोकळी जागा. कारण हे गाव नवं आहे. जुनं किल्लारी दुसरीकडे होतं. आता तिथे स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला लोक तिथे जमतात, फुलं वाहतात आणि गप्प उभे राहतात.

काय झालं होतं त्या दिवशी?

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीचं विसर्जन झालं. मिरवणुकीत नाचून दमलेली पोरं, मोठी माणसं उशिरा घरी आली आणि गाढ झोपली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. भूकंप ६.२ इतक्या क्षमतेचा होता. काही सेकंदांचाच खेळ, पण लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव अशी भरली गावं दगडमातीचे ढीग होऊन पडली. पुढे बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

आता एक प्रश्न. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे भूकंप झाला. तो ६.७ चा होता, म्हणजे किल्लारीपेक्षा मोठा. वेळ पहाटेचीच. वस्ती तर लाखोंची. तिथे किती माणसं गेली असतील? सुमारे साठ!

मग आठ हजार माणसं मारली ती कुणी? भूकंपाने की भिंतींनी?

त्या भिंती कशा होत्या ते बघू या. मराठवाड्यातलं जुनं घर बाहेरून मोठं दणकट दिसतं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीची दगडी भिंत! उन्हाळ्यात आत गार वाटतं. पण अशी भिंत बहुधा एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा आणि मधल्या पोकळीत खडे, माती, दगडाच्या कपच्या. सांध्यात सिमेंट नाही, नुसता चिखल. दगडही गोलसर, एकमेकांत न गुंतणारे. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी थोडी माती. असं करत करत वर्षानुवर्षं डोक्यावरचं ओझं वाढत जातं.

जमीन हलली की अशा भिंतीचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात. गवंडी म्हणतात तसं, भिंतीला 'पोट येतं'. पोट फुटलं की दगड खाली आणि त्यांच्यावर टनावारी माती. याउलट कुडाच्या, गवताच्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी तशाच उभ्या राहिल्या. पडल्या असत्या तरी त्यांच्यात जीव घेण्याइतकं वजन नव्हतंच. जिथे घरात चांगले लाकडी खांब होते, तिथे भिंती ढासळल्या तरी कधी कधी माळवद खांबांवर तरलं. सगळ्यात भक्कम दिसणारी घरंच सगळ्यात धोक्याची निघाली!

आणखी एक गोष्ट. १९९२ साली, म्हणजे आदल्याच वर्षी, किल्लारीच्या आसपास बरेच छोटे धक्के बसले होते. लोक घाबरून घराबाहेर झोपत होते. मग धक्के थांबले. लोक परत घरात गेले. भूकंपाच्या त्या वेळच्या नकाशात देशाचे पाच पट्टे पाडलेले होते आणि किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होती! २००२ साली नकाशा बदलला, पहिला पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. साताऱ्याकडचा कोयनेचा भाग चौथ्या पट्ट्यात होता. म्हणजे "आमच्याकडे नाही होत भूकंप" असं म्हणायची सोय महाराष्ट्रात कुणालाच उरली नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं घरांचं झालं. शाळेचं काय?

घड्याळ बघा. पहाटेचे तीन छप्पन्न. त्या वेळी शाळा रिकाम्या होत्या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटे चारच्या सुमाराचाच. म्हणजे महाराष्ट्राच्या या दोन मोठ्या भूकंपांत शाळांची भरल्या वर्गांनिशी परीक्षा झालीच नाही. पेपरच पुढे ढकलला गेला म्हणा ना!

पण घड्याळ दर वेळी आपल्या बाजूचं नसतं.

२६ जानेवारी २००१. गुजरातेत कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजले होते. प्रजासत्ताक दिन होता. वर्ग भरलेले नव्हते, बरीच मुलं झेंडावंदनासाठी मैदानावर होती. त्यामुळे कितीतरी जण वाचले. पण अंजार गावात मुलांची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती त्यांच्यावर कोसळल्या. दीडशेच्या वर मुलं आणि त्यांचे शिक्षक तिथेच गेले. आज अंजारमध्ये त्यांचं स्मारक आहे.

८ ऑक्टोबर २००५. पाकव्याप्त काश्मीर. सकाळी नऊच्या आधी, शनिवार, शाळा नुकत्याच भरलेल्या. हजारो विद्यार्थी वर्गातच गाडले गेले. १२ मे २००८. चीनचा सिचुआन प्रांत. दुपारचे दोन अठ्ठावीस, म्हणजे ऐन तासांची वेळ. तिथल्या सरकारने नंतर आकडा दिला तो पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा.

वाचून वाईट वाटलं ना? वाटायलाच हवं. पण त्याच सिचुआनमध्ये, त्याच दुपारी आणखी एक गोष्ट घडली. तीही ऐका.

सांगझाओ नावाच्या गावात एक माध्यमिक शाळा होती. तिचे मुख्याध्यापक होते ये झीपिंग. शाळेची एक इमारत त्यांना नीट वाटेना. कठडे हलायचे, खांब बारीक. हे गृहस्थ वर्षानुवर्षं वरिष्ठांकडे थोडे थोडे पैसे मागत राहिले आणि इमारत दुरुस्त करत राहिले. खांब जाड केले, कठडे बदलले. शिवाय दर सहामाहीत एकदा मुलांकडून बाहेर पडायचा सराव करून घ्यायचे. कुठल्या वर्गाने कुठल्या जिन्याने उतरायचं, मैदानात कुठे उभं राहायचं, सगळं ठरलेलं. काही जण हसलेही असतील. भूकंप झाला तेव्हा शाळेत दोन हजारांहून जास्त मुलं होती. १ मिनिट ३६ सेकंदांत सगळी मैदानावर आली. एकाही मुलाचा जीव गेला नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हा धडा फार पूर्वी घेतला. १० मार्च १९३३ ला लाँग बीच इथे संध्याकाळी सहाच्या आत भूकंप झाला. शाळा सुटलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लोकांनी पाहिलं तर सुमारे सत्तर शाळा पार मोडून पडलेल्या! आईवडिलांच्या अंगावर काटा आला. हाच भूकंप दुपारी झाला असता तर? महिनाभरात तिथल्या विधिमंडळाने शाळांच्या बांधकामासाठी वेगळा, कडक कायदा केला. म्हणजे त्यांच्या शाळा नापास झाल्या, पण पेपर रिकाम्या वर्गात झाला आणि त्यांनी निकाल गंभीरपणे घेतला.

चला तर मग, आता परतीची गाडी पकडू आणि थेट तुमच्या शाळेच्या फाटकापाशी उतरू. वही-पेन्सिल काढा. इंजिनिअर मंडळी अशी पाहणी करतात तेव्हा ते एका इमारतीला पंधरा ते तीस मिनिटं देतात. इमारतीला बाहेरून चक्कर मारायची, शक्य तर आतून बघायचं आणि एक तक्ता भरायचा. इमारतीच्या जातीप्रमाणे आधी काही गुण द्यायचे, मग दोष दिसेल तसे गुण वजा करायचे. अमेरिकेत १९८८ मध्ये अशी पद्धत छापून निघाली. पुढे आपल्याकडेही इथल्या इमारतींना जुळतील असे तक्ते तयार झाले.

पहिला प्रश्न : भिंत कशाची आहे? दगड-मातीची, विटा-सिमेंटची की सिमेंट काँक्रीटच्या खांब-तुळयांची? वर काय आहे? माळवद, मंगलोरी कौलं, पत्रा की स्लॅब? दगड-मातीच्या भिंतीला सुरुवातीलाच कमी गुण. का ते तुम्ही किल्लारीला पाहिलंच.

दुसरा प्रश्न : इमारतीला 'पट्टा' आहे का? दारं-खिडक्यांच्या वरच्या बाजूने काँक्रीटची सलग पट्टी सगळ्या भिंतींवरून फिरलेली असेल तर ती चारी भिंती बांधून ठेवते. घरी एक प्रयोग करा. सारख्या आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची चार पुस्तकं ताटात उभी करून चौकोनी खोली बनवा. ताट आडवं हलवा. पुस्तकं चारी दिशांना पडली? आता पुन्हा उभी करा आणि भोवती एक रबरबँड घाला. हलवा बरं ताट! कळलं ना, पट्टा काय करतो ते? ज्या भिंती एकमेकींचा हात धरून उभ्या असतात त्या सहजी पडत नाहीत.

तिसरा प्रश्न : व्हरांड्याचे खांब कसे आहेत? हा दोष शाळांत फार दिसतो. दोन खांबांमध्ये कमरेएवढी अर्धी भिंत बांधलेली असते आणि वर मोकळं. एक फूटपट्टी घ्या. एक टोक टेबलावर दाबून बाकीची सगळी बाहेर ठेवली तर ती छान लवते. फक्त दोन इंच बाहेर ठेवून बघा, लवत नाही. जोर लावला तर मोडेल! अर्ध्या भिंतीने खांबाचा खालचा भाग असाच घट्ट धरलेला असतो. सगळा हिसका वरच्या आखूड तुकड्याला सोसावा लागतो आणि तो तिथेच तुटतो.

चौथा प्रश्न : इमारतीचा आकार कसा? साधा चौकोन बरा. इंग्रजी 'एल'सारखी इमारत असेल तर कोपऱ्यात ताण येतो. खालचा मजला गाड्या ठेवायला नुसत्या खांबांवर मोकळा सोडला असेल तर वजा गुण. खिडक्या भिंतीच्या अगदी कोपऱ्याला चिकटलेल्या असतील तर वजा गुण. आणि जुन्या, एकमजली पायावर नंतर मजला चढवला असेल तर आणखी वजा.

पाचवा प्रश्न : वरून काय पडू शकतं? गच्चीवरची पाण्याची टाकी, कठडा, सज्जा, सुटलेली कौलं. दाराच्या नेमका वर कठडा असेल तर बाहेर धावणाऱ्या मुलांवरच तो पडणार. वर्गातही बघा. पुस्तकांची कपाटं भिंतीला पक्की बसवली आहेत का? प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्या वरच्या फळीवर तर नाहीत?

सहावा प्रश्न : बाहेर पडायची वाट. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का? जिन्यात मोडके बाक रचून ठेवले आहेत का? मागच्या फाटकाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे?

भिंतीला भेगा दिसल्या तर त्याही लिहा. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग असेल तर तिच्यासमोर खूण करा. खांबाचं काँक्रीट फुटून गंजलेली सळई दिसत असेल तर दोन खुणा! मात्र एक ताकीद. नुसतं डोळ्यांनी बघायचं. भिंत उकरायची नाही, गच्चीवर चढायचं नाही आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

कमी गुण पडले म्हणजे शाळा उद्या पडणार का? मुळीच नाही. डॉक्टर आधी नाडी बघतात आणि शंका आली तर एक्स-रे काढायला सांगतात. तसंच हे. कमी गुणांच्या इमारतीची पुढची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायची. त्यांच्याकडे हातोडीसारखं एक उपकरण असतं. ते काँक्रीटवर दाबलं की आतला दट्ट्या टोला मारून उसळतो, आणि किती उसळला यावरून काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज येतो. आतल्या सळया कुठे आहेत हे न फोडता दाखवणारं यंत्रही असतं.

आणि नापास झालेली इमारत पाडावीच लागते असंही नाही. किल्लारीनंतर मराठवाड्यात कितीतरी उभ्या इमारती मजबूत केल्या गेल्या. जाड दगडी भिंतीला आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे भिंतीचे दोन्ही थर एकत्र शिवले जातात. दोन्ही अंगांनी लोखंडी जाळीचा पट्टा ठोकून त्यावर सिमेंटचा गिलावा करायचा. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. ही कामं गावातला गवंडीसुद्धा शिकू शकतो.

आता दोन शब्द तुमच्या आई-बाबांसाठी. आई-बाबांनो, भूकंप आला की बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं आणि बाकाचा पाय धरून ठेवायचा, हे आपण मुलांना शिकवतो. शिकवायलाच हवं. पण वरचं छतच धड नसेल तर बाक तरी किती पुरणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. स्नेहसंमेलन, पोषण आहार यांच्याबरोबर एका बैठकीत हाही विषय घ्या. इमारत कोणत्या साली बांधली? नकाशा कुणी केला? पट्टे घातले आहेत का? वरचा मजला चढवताना इंजिनिअरला विचारलं होतं का? उत्तरं लेखी मागा. मिळाली नाहीत तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला किंवा संस्थेला तपासणीसाठी पत्र लिहा. मुख्याध्यापकांवर रागावू नका. बहुतेक वेळा त्यांनाही ही इमारत जशी आहे तशीच मिळालेली असते. सांगझाओच्या मुख्याध्यापकांसारखं काम करायचं असेल तर त्यांच्या पाठीशी गाव लागतं.

आणि दोस्तांनो, तुम्ही काय करायचं? वहीतला तक्ता वर्गशिक्षकांना दाखवा. "सर, आमच्या व्हरांड्याचे खांब आखूड खांब आहेत" असं एखाद्या सातवीतल्या मुलीने सांगितलं तर सर आधी चमकतील, मग चष्मा पुसून स्वतः व्हरांड्यात जाऊन बघतील. तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.

किल्लारीची ती पहाट आठवा. पुढचा भूकंप कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. तो पहाटे चारला येईल की सकाळी अकराला, गणिताच्या तासाला, तेही नाही. पण त्या वेळी डोक्यावरचं छत टिकेल का, हे आज बघता येतं. एका वहीत, अर्ध्या तासात.

मग कधी घेताय शाळेची परीक्षा?